पंचवीस मीटरमध्येच दम लागतो? श्वास नेमका कुठे अडकतो ते असं शोधा

गेली अकरा वर्षं मी महापालिकेच्या तलावावर सकाळच्या महिला बॅचला आणि रविवारी मोठ्या माणसांच्या मिश्र बॅचला पोहायला शिकवते. दर दोन-तीन महिन्यांनी बॅचमधली माणसं बदलतात, पण फ्रीस्टाइल, म्हणजे पालथं होऊन आळीपाळीनं हात मारत पोहणं, शिकताना तक्रार तीच येते. "तरंगता येतं, हातपाय मारता येतात, पण अर्ध्या तलावातच दम संपतो." मग कुणी स्टॅमिनाला दोष देतं, कुणी वयाला, कुणी वजनाला. यातली बरीच माणसं रोज पाच-सहा किलोमीटर चालणारी असतात, पर्वती न थांबता चढणारी असतात. दम त्यांच्याकडे भरपूर असतो. बिघाड दुसरीकडे असतो आणि तो शोधायचा एक क्रम आहे. सगळ्यात सोपी, फुकट तपासणी आधी, कोचची फी भरायची वेळ शेवटी.

लक्षणं

- दहा-पंधरा मीटरवर छाती गच्च भरल्यासारखी होते आणि तिथेच उभं राहावंसं वाटतं.
- उभं राहिल्या राहिल्या आधी श्वास जोरात बाहेर पडतो, मग आत जातो.
- तोंड वळवल्यावर हवेसोबत पाण्याचा घोट येतो, किंवा नाकात पाणी जाऊन डोकं झिणझिणतं.
- श्वास घेतला की पाय खाली जातात आणि पुढचे दोन हात नुसते सावरण्यात जातात.
- पोहून आल्यावर मान एका बाजूनं दुखते.
- डोकं वर ठेवून किंवा किकबोर्ड (तरंगणारी फळी) धरून आरामात जाता येतं. तोंड पाण्यात घातलं की सगळं बिघडतं.

यातलं दुसरं लक्षण सगळ्यात बोलकं आहे. पुढच्या वेळी थांबाल तेव्हा तेवढंच बघा, आधी श्वास बाहेर पडतो की आत जातो.

जमिनीवरही जिने चढताना धाप लागत असेल, तर खालच्या तपासण्या करत बसू नका. शेवटी डॉक्टरांबद्दल लिहिलंय, तिथे थेट जा.

हे का होतं

आमच्याकडे प्राणायाम करणाऱ्या बायका खूप येतात, त्यामुळे मी त्यांच्याच शब्दांत सांगते. पूरक म्हणजे श्वास घेणं, रेचक म्हणजे सोडणं, कुंभक म्हणजे रोखून धरणं. पोहताना पूरक अगदी छोटा असतो, एका सेकंदाच्या आतला, आणि तो तोंडानं घ्यायचा. रेचक लांब, आणि तो पाण्याखाली. कुंभक जवळजवळ नाहीच. नवशिक्या माणसाचं नेमकं उलटं होतं. तोंड पाण्यात गेलं की शरीर आपोआप श्वास रोखतं, त्यामुळे सगळा वेळ कुंभकात जातो. तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात आधी जुनी हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची, ही दोन्ही कामं उरकावी लागतात. ती उरकत नाहीत. प्रत्येक वेळी थोडी शिळी हवा आत राहते आणि आठ-दहा श्वासांत तिचा साठा होतो.

आत घेतलेल्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सोडलेल्या हवेतही १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. म्हणजे गुदमरल्यासारखं वाटतं त्या क्षणी छातीतला ऑक्सिजन काही संपलेला नसतो. जीव घाबरा होतो तो मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, कारण श्वास घेण्याची तलफ मेंदूत तोच उठवतो. म्हणून "अजून मोठा श्वास घ्या" हा सल्ला इथे उलटा पडतो. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे मावणार?

पाण्यात उतरण्याआधी

या तपासण्यांना पाच मिनिटं लागतात.

जेवण होऊन दोन तास झालेत का? भरल्या पोटावर छाती नि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा खाली सरकायला जागा उरत नाही, आणि पाण्याचा दाब छातीवर नि पोटावर असतोच. गळ्यापर्यंत पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी श्वास घेणं जड जातं, ते या दाबामुळे. पहिल्या आठवड्यात ते जाणवणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

गॉगल गळतोय का? ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट मी सगळ्यांत आधी बघते. डोळ्यात पाणी येणार अशी धास्ती असलेला माणूस डोकं खाली ठेवूच शकत नाही. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर दाबा. हात काढल्यावर तो दोन सेकंद चिकटून राहिला तर मापाचा आहे. नाही राहिला तर पट्टा आवळून उपयोग नाही, दुसरा आकार घ्या.

फक्त एखाद्याच तलावात खोकला येतो का? बंदिस्त तलावात जो उग्र वास येतो, तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो तयार होतो आणि घशाला, श्वासनलिकेला झोंबतो. तसं असेल तर उघड्या तलावावर, सकाळच्या पहिल्या बॅचला जाऊन बघा. आणि शॉवर घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नका, बाकीच्यांच्या श्वासाचाही प्रश्न आहे.

काठ धरून बुडबुडे

माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांचा बिघाड इथेच सापडतो, म्हणून हे सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी बॅचमध्ये ५८ वर्षांच्या एक काकू होत्या. महिनाभर येऊनही दहा मीटरच्या पुढे जात नव्हत्या. मी विचारलं, "काकू, पाण्यात श्वास सोडताय ना?" त्या म्हणाल्या, "अगं, सोडतेय की! तूच तर सांगितलंस." मग मी गॉगल लावून त्यांच्या शेजारी पाण्याखाली गेले. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर आठ्या, आणि नाकातोंडातून एकही बुडबुडा नाही. चार-पाच सेकंदांनी त्यांनी मान वर काढली आणि डोकं बाहेर आल्या क्षणी फस्सकन सगळी हवा सुटली, पाण्याचे तुषार माझ्या तोंडावर. उरलेल्या क्षणात त्यांनी घाईनं जे आत ओढलं त्यात निम्मं पाणी. त्या खोटं बोलत नव्हत्या. श्वास सोडत होत्याच, फक्त पाण्याबाहेर.

तुमचंही असंच होतंय का ते स्वतःला कळणं अवघड असतं, म्हणून मोजून तपासा. छातीएवढ्या पाण्यात उभे राहा, दोन्ही हातांनी काठ धरा. तोंडानं छोटा श्वास घ्या, चेहरा कानांपर्यंत पाण्यात घाला आणि मनात चार मोजेपर्यंत नाकातून सलग हवा सोडा. सलग म्हणजे बुडबुड्यांचा आवाज मध्ये तुटता कामा नये. शेवटी तोंडानं एक छोटी फुंकर मारा, म्हणजे ओठांजवळचं पाणी दूर होईल, आणि त्याच फुंकरीसरशी तोंड बाहेर काढून श्वास घ्या. थांबायचं नाही, लगेच पुन्हा खाली. अशा वीस डुबक्या.

वीस डुबक्यांनंतर तुमचा श्वास शांत असेल तर पुढच्या तपासणीकडे जा. बाराव्या-पंधराव्या डुबकीलाच धाप लागली, तर बिघाड सापडला. हातपाय न हलवता, एका जागी उभं राहून दम लागतोय, म्हणजे स्टॅमिनाचा इथे संबंधच नाही. अशा वेळी तीन-चार दिवस पोहूच नका, नुसत्या डुबक्या मारा. लोकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मी मात्र यावर अडून बसते, कारण डुबक्या कच्च्या ठेवून पुढे गेलेला माणूस महिन्यानं त्याच जागी परत आलेला मी बघितलाय.

नाकातून हवा सोडणं जमत नसेल तर गुणगुणा. काकू रोज पहाटे ओंकार करायच्या. मी त्यांना म्हटलं, "ओंकारातला शेवटचा मकार तेवढा पाण्यात म्हणा." ओठ मिटून "म्‌म्‌म्" म्हटलं की हवा नाकातूनच जाते, दुसरा मार्गच नसतो, आणि हवा बाहेर येत असताना पाणी आत शिरत नाही. पहिल्या मकाराला बुडबुडे गालांवरून कानांपर्यंत गेले तसं त्यांनी दचकून डोकं वर काढलं आणि म्हणाल्या, "गुदगुल्या होतात गं!" तिसऱ्या दिवशी वीस डुबक्या सलग झाल्या.

किती हवा घेताय

डुबक्या जमतात पण पोहताना छाती भरते, असं असेल तर घेतलेली हवा जास्त होतेय. पुढचा श्वास मिळेल की नाही या धास्तीनं माणूस छाती फाटेस्तोवर हवा भरतो. ती सगळी चार सेकंदांत सोडता येत नाही. फोनवर बोलताना दोन वाक्यांच्या मध्ये आपण जेवढा श्वास घेतो, तेवढा पुरतो. दर दोन हातांनी एक, म्हणजे प्रत्येक वेळी एकाच बाजूला, घेत जा. दर तीन हातांनी, म्हणजे आलटून पालटून दोन्ही बाजूंना, श्वास घेणं हीच खरी पद्धत, असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि नवशिके त्याच्या मागे लागतात. दोन्ही बाजूंनी श्वास यायला हवा हे खरं, पण ते नंतर. आधी हवा पुरली पाहिजे.

पाय

मांड्यांचे स्नायू शरीरातले मोठे स्नायू. ते जोरात चालले की ऑक्सिजन भराभर संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तितक्याच वेगानं तयार होतो. बुडू नये म्हणून नवशिका माणूस सायकल चालवल्यासारखे गुडघ्यातून पाय मारतो. पाणी खूप उडतं, पुढे मात्र तो फारसा सरकत नाही.

तपासायला पुल बॉय लागतो, आठच्या आकड्यासारखा फोमचा ठोकळा. बहुतेक तलावांवर कोचच्या पेटीत असतोच, मागून घ्या. तो मांड्यांमध्ये धरून, पाय न हलवता, फक्त हातांनी पोहा. एरवी दहा मीटरवर लागणारा दम आता वीस मीटरवर लागला, तर तुमचा श्वास बराचसा ठीक आहे, पाय खर्चिक आहेत. मग कमरेतून, घोटे सैल सोडून, पाय नुसते वर राहतील इतकीच हळू किक मारायची. पुल बॉय लावूनही फरक पडला नाही, तर पुढे वाचा.

डोकं

माझं पहिलं पोहणं गावच्या विहिरीतलं, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आमच्या आधीची पिढी वाळलेला भोपळा बांधायची. विहिरीत डोकं वर ठेवूनच पोहतात आणि ते बरोबरच आहे, कारण काठावरून कोण मुटका मारतोय ते दिसलं पाहिजे. अशी माणसं विहिरीत अर्धा-अर्धा तास आरामात राहतात आणि तलावात फ्रीस्टाइलचे २५ मीटर त्यांना जड जातात. त्यांना फार वाईट वाटतं, म्हणून सांगते, तुमचं पोहणं चुकीचं नाही. फक्त ती सवय या स्ट्रोकला चालत नाही.

डोक्याचं वजन चार-पाच किलो. ते पाण्याबाहेर उचललं की तेवढा भार पाण्याचा आधार सोडून तुमच्यावर येतो आणि तराजूसारखे पाय खाली जातात. शरीर तिरकं होतं. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन आहे, त्यामुळे तिरक्या शरीराला पुढे ढकलायला दुप्पट मेहनत पडल्यासारखं वाटतं.

तपासणी अशी: श्वास घेताना गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर राहिली पाहिजे. दोन्ही डोळ्यांना कोरडं जग दिसत असेल तर डोकं उचललं जातंय. समोरची भिंत दिसली तर मान पुढे काढताय. छप्पर किंवा आभाळ दिसलं तर जास्त फिरताय. बाजूच्या भिंतीच्या फरशा किंवा शेजारच्या लेनचा दोर दिसला तर बरोबर.

पाण्यात पुढे जाताना कपाळापुढे पाणी साठतं आणि तोंडाच्या बाजूला एक खळगा तयार होतो, होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, होतो तसा. तरबेज पोहणारे त्या खळग्यातून हवा घेतात. नवशिक्याचा वेग कमी, म्हणून त्याचा खळगा उथळ. त्यांच्यासारखं करायला गेलात तर पाणी तोंडात येईल. तुम्ही खांद्यासकट थोडं जास्त वळा. नुसती मान पिरगाळू नका, मान दुखते ती त्यामुळेच.

सरावासाठी एक हात पुढे लांब करा, कान त्या हाताच्या दंडावर टेकवा आणि कुशीवर झोपल्यासारखं होऊन हळू किक मारा. नाक तळाकडे ठेवून बुडबुडे, मग कान दंडावरून न उचलता तोंड वळवून श्वास.

वेळ आणि पुढचा हात

हे एकट्यानं तपासणं कठीण. मैत्रिणीला काठावर बसवा. मोबाइलनं शूटिंग करायला बहुतेक तलावांवर मनाई असते आणि महिलांच्या बॅचला ती असायलाच हवी. म्हणून तिला फक्त दोन प्रश्न द्या. मी उजवीकडे श्वास घेते तेव्हा माझा डावा हात कुठे असतो? आणि माझं तोंड पाण्यात परत जातं तेव्हा उजवा हात कुठे असतो?

डावा हात पुढे, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ लांब असायला हवा. बहुतेकांचा तो श्वासाच्या क्षणीच खाली दाबला जातो, कारण शरीर आधार शोधतं. हात खाली गेला की आधारही गेला, डोकं बुडतं, घोट येतो. उजवा हात पाण्यातून मागे ओढायला लागल्याबरोबर चेहरा वळायला सुरुवात झाली पाहिजे, आणि तो हात हवेतून डोक्याशी येईपर्यंत चेहरा परत पाण्यात. उशिरा वळणाऱ्याचा हात पुढे पोहोचतो तरी तोंड उघडंच असतं. "माझ्या तोंडात नेहमी पाणी जातं" म्हणणाऱ्या माणसाचं मी आधी हेच बघते.

खोली

एक शेवटची तपासणी, जिच्याबद्दल लोक लाजून बोलत नाहीत. उथळ बाजूला आडवं, पाय टेकतील एवढ्या पाण्यात, तेवढंच अंतर पोहा. तिथे दम पुरतो आणि उभ्या लेनमध्ये पाय टेकेनासे झाल्याबरोबर संपतो, असं असेल तर श्वास भीतीनं आखडतोय. मोठ्या वयात पाण्याची भीती असणं अगदी रास्त आहे. पुढे पोहण्याआधी उताणं तरंगायला शिका, आणि पालथ्याचं उताणं होऊन विसावा घ्यायला शिका. खोल पाण्यात दम लागला तरी उताणं होता येतं, हे शरीराला एकदा पटलं की तोच श्वास मोकळा होतो. हा सराव जीवरक्षक समोर असतानाच करा, त्याला आधी सांगून.

हे मात्र करू नका

"दम वाढवण्यासाठी" पाण्याखाली श्वास रोखून किती अंतर जाता येतं याच्या पैजा लावतात. काही जण त्याआधी भराभर दहा-वीस श्वास घेतात. त्यानं रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. म्हणजे श्वास घे म्हणून सांगणारी घंटाच बंद होते, आणि माणूस कसलीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारे यात गेलेत. माझ्या बॅचमध्ये हे कुणी केलं तर मी त्याला बाहेर काढते.

कधी थांबायचं

पोहताना छातीत दुखलं, दडपण आलं, चक्कर आली, धडधड थांबेना किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, तर त्या क्षणी बाहेर या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दुखणं थांबत नसेल तर वाट न बघता १०८ ला फोन करा. पाणी प्यायल्यावर किंवा घशात गेल्यावर खोकला पाच मिनिटांत थांबतो. तासाभरानंतरही खोकला, धाप किंवा छातीत घरघर राहिली, थुंकी गुलाबी किंवा फेसाळ आली, तर थेट हॉस्पिटल गाठा. घरी वाफ घेत बसू नका. दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास, फिट येणं, इन्सुलिन चालू असणं, जिने चढतानाही धाप लागणं यातलं काहीही असेल तर पोहणं सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा आणि कोचच्या कानावर घाला. लपवू नका. आम्हाला माहीत असलं तर आमचं लक्ष असतं.

कोचकडे जायची वेळ वेगळी. या क्रमानं तीन आठवडे, आठवड्यातून तीन-चार दिवस प्रयत्न करूनही पंधरा मीटरच्या पुढे जाता येत नसेल, रोज पाणी पोटात जात असेल किंवा तलावावर निघायच्या विचारानंच पोटात गोळा येत असेल, तर एकट्यानं रेटू नका. चार-पाच दिवसांची वैयक्तिक शिकवणी लावा, मोठ्या माणसांना शिकवण्याची सवय असलेल्या कोचकडे. त्यांना "दम लागतो" एवढंच सांगू नका. "वीस डुबक्या होतात, पुल बॉय लावून पंचवीस मीटर जातात, काढला की बारावर थांबते" असं सांगा. मी कोच म्हणून सांगते, एवढं कळलं की पहिला दिवस शोधण्यात जात नाही, त्याच दिवशी काम सुरू होतं.